राखीव यादीतली पहिली

"मॅडम, फोटोत हसलेलं चालत नाही. दुसरा आणा."

माझं धाबंच दणाणलं. मुलाखतीला जेमतेम अर्धा तास उरला होता.

"चला, कोपऱ्यावर स्टुडिओ आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "माझाही परत आलाय. मी म्हणे रागीट दिसतो."

तो अग्निशमन दलातला अधिकारी, मी सरकारी दवाखान्यातली नर्स. सरकार दरवर्षी दहा होतकरू कर्मचाऱ्यांना दोन महिने परदेशी पाठवतं, तिथलं काम बघायला, इथलं सांगायला. त्या दहांत यायला दोघंही धडपडत होतो.

निकाल लागला. दहावं नाव त्याचं. राखीव यादीत पहिलं माझं.

पूर्वतयारीचे वर्ग राखीवांनाही सक्तीचे होते. तो शेजारी बसायचा, चहाचा कप सरकवायचा, बोटं ओझरती लागायची... आणि मी हात मागे घ्यायचे. कुणीतरी गळलं तरच मी जाणार होते!

शेवटच्या आठवड्यात त्याची आई घसरून पडली. पाय मोडला. जाण्याचं संमतिपत्र भरायच्या दिवशी तो कोरा फॉर्म घेऊन बसला.

"तूच जा," तो म्हणाला.

"आणि तुझी ताई? ती काय म्हणते?"

"ती म्हणते, आईचं मी बघते, तू जा. पण तुला जायचंय ना?"

"जायचंय. खरं सांगू? तुझं फिसकटावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. आई पडल्याचं कळलं तेव्हा क्षणभर... बरं वाटलं मला. असं मिळालेलं पचणार नाही रे. कर सही."

"इतकी दुष्ट आहेस?"

"आहे."

"आणि मी वेडा. माझ्याच जागेवर डोळा ठेवणारीच्या प्रेमात पडलो."

"ड्युटी संपली की रोज जाईन आईंकडे," एवढंच पुटपुटले.

त्याने सही केली. 'अडचणीत कळवायची व्यक्ती' इथे माझं नाव लिहिलं.

"नातं?" टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं. "रकाना रिकामा चालत नाही."

मीच पेन ओढून घेतलं. लिहिलं — 'होणारी बायको'.

तो वाचत राहिला. चुकलंच आपलं...

"दोन महिन्यांनी," अखेर तो म्हणाला, "यातलं 'होणारी' तेवढं खोडू."