चाळीस वाड्यांचं माहेर

घाटाच्या नाक्यावर करवंदांच्या पाट्या तपासायला आता पोलीस लागत नसे. एक पेन पुरे होई. नाक्यावरच्या तपासनीस बाबू आखाडेनं पाटीवरचं पळसाचं पान बाजूला सारलं, एक करवंद उचललं आणि पेनाची सुई त्यात टोचली. चार श्वासांत पेनाच्या काचेवर सहा काळ्या रेघा उमटल्या. खाली लाल अक्षरं आली : नोंदणीकृत वाण ‘कृष्णमोहर’, परवाना नाही.

“मामी, पाटी उतरवा,” तो खाली बघत म्हणाला.

बायजा कोकरे सत्तरीला टेकली होती; बाबूची बायको तिच्याच वाडीची. लग्नाआधीपासून ती याच वळणावर करवंदं विकत आली होती.

“जावई, सासुरवाडीची पाटी उलटी करतोस व्हय? तुज्या दारातली करवंदाची जाळी कुठली, सांग बघू. तुजी बायको लग्नाच्या गाडीतनं घेऊन आली. फांदी म्याच दाबली हुती.”

“मला ठावं हाय, मामी. पण पेनाला कोण सांगनार?”

“पेनाला सासू न्हाई वाटतं.”

रांगेतल्या बायका हसल्या. बाबूनं पाटी उचलून फिनेलच्या पिंपात ओतली, तेव्हा हसणं थांबलं.

बायजेची लेक सगुणा मागेच उभी होती. देवीला पहिल्या करवंदांचा द्रोण वाहायला ती दरवर्षी चैत्रात पुण्याहून येई. पेनावरच्या त्या सहा रेघा तिच्याच होत्या. आठ वर्षांपूर्वी, डॉ. हेमंत सरनोबतांची विद्यार्थिनी असताना, करवंदाच्या डीएनएमधल्या शेकडो खुणांतून तिनं त्या निवडल्या होत्या. फळाचा गर सगळा आईझाडाचा असतो. बी मात्र आई-बाप मिळून होतं. म्हणून सुई गरात टोचायची, हेही तिनंच शोधलं होतं. कुठलं फळ कुठल्या जाळीचं, हे कळावं आणि रानातली विविधता जपता यावी, एवढाच तिचा हेतू होता. सरनोबतांनी खुणा स्वतःच्या नावावर केल्या, पेन बनवलं, ‘कृष्णमोहर’ वाण नोंदवला आणि सगुणेला प्रयोगशाळेचं दार बंद केलं.

घरी जाताना बायजा रिकामी पाटी काखेत घेऊन चालत होती. मग म्हणाली, “ते पेन तूच काढलंस न्हवं? चारचौघींत मला चोर म्हनलं गं त्यानं.”

 देवीच्या राईतल्या करवंदाच्या जाळीशी आल्यावर सगुणेनं विचारलं, “आई, बाबूच्या दारातली फांदी याच जाळीची?”

“सगळ्यांच्याच दारातली. पोरीचं ठरलं की पावसात देवीच्या जाळीची फांदी वाकवायची, मातीत दाबायची, वर धोंडा ठेवायचा. वरीसभरात मुळ्या सुटत्यात. मग ती पोरीसंगं सासरी जाते. माजी आजी तेच करायची, तिची आजीबी तेच.”

सगुणा जागीच थांबली. सरनोबतांच्या माणसांनी घाटातल्या चाळीस वाड्यांतून, दारादारातल्या उत्तम जाळ्यांचे नमुने नेले होते. चाळीस वाड्या म्हणजे चाळीस निराळे वंश, असं धरून ‘कृष्णमोहर’ म्हणजे आपण संकरातून घडवलेल्या चाळीस वंशांचा वाण, असे कागद त्यांनी रंगवले होते. ते नमुने वंशाचे नव्हते, सुनांचे होते, आणि त्या सगळ्यांचं माहेर ही समोरची एकच जाळी होती.

ही गोष्ट कुठल्याही वाडीतल्या बाईनं सांगितली असती. बाईला विचारण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

त्या वर्षी सगुणेनं देवीला द्रोण वाहिला, पण प्रसाद तोंडात घातला नाही. हातावर पाणी घेऊन तिनं संकल्प केला : या सरनोबताचं सगळं जाईपर्यंत करवंद वर्ज्य. पुढे रोज सकाळी पूजा आटोपली, की ती समईपुढे बसून मनात एकच नाव घेई. ते देवाचं नव्हतं. आवाज मात्र तिनं कधी चढवला नाही. वाण-नोंदणी मंडळाकडे केलेला हरकतीचा अर्जही तिनं अगदी मऊ भाषेत लिहिला. मागणी एकच होती : डॉक्टरसाहेबांच्या लागवडीतल्या चाळीसही वंशांच्या सहा नव्हे, एकशे वीस खुणा वाचाव्यात.

सरनोबतांनी आनंदानं होकार दिला. विविधता हाच तर त्यांचा अभिमान होता.

सुनावणी मार्गशीर्षात झाली. सभागृहात मागच्या बाकांवर वाड्यांतल्या बायका बसल्या होत्या. बायजेनं निघतानाच लेकीला सांगितलं होतं, “माजी पाटी सोडा म्हनावं. बास झालं.”

“तेवढ्यानं नाही भागायचं, आई.”

चाचणीचा अहवाल बंद पाकिटात अध्यक्षांपुढे होता. सगुणेनं हात जोडून विनंती केली, की पाकीट उघडण्याआधी डॉक्टरसाहेबांनी वाणाची हकीकत सांगावी. आम्हालाही शिकायला मिळेल.

सरनोबत छान बोलले. शेजारच्या राज्यात ‘काळी मर’ नावाच्या बुरशीनं करवंदाच्या बागा एका हंगामात कशा झोपवल्या, ते त्यांनी सांगितलं. तिथं सगळी झाडं एकाच वंशाची होती. एकाला झालं ते सगळ्यांना झालं. “म्हणून मी नऊ वर्षं संकर केले. चाळीस निराळे वंश माझ्या हातांनी घडवले. रोग आला तरी निम्मे तरी तगतील.”

“शपथेवर सांगता?” सगुणेनं विचारलं.

“अर्थात.”

पाकीट उघडलं. पडद्यावर चाळीस पट्ट्या एकाखाली एक आल्या. संकर असता तर प्रत्येक पट्टीत निम्म्या रेघा आईच्या, निम्म्या बापाच्या, असा फरक दिसला असता. इथं एकशे वीस रेघा वरून खालपर्यंत एका सुतात होत्या. सगुणेनं एक्केचाळिसावी पट्टी लावली, देवीच्या राईतल्या जाळीची. तीही तशीच होती.

“संकर एकही झालेला नाही, साहेब,” ती हळू म्हणाली. “चाळीस वाड्यांतून एकच झाड चाळीस वेळा चोरलंय. या बसलेल्या बायकांनी ते लावलं.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “आन् आमालाच चोर म्हनत हुता.”

सरनोबतांचा चेहरा राखेसारखा झाला. सगुणेनं तो डोळे भरून पाहिला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला खरी भूक लागली.

मंडळानं नोंदणी रद्द केली, नाक्यावरची पेनं बंद केली. अध्यक्षांनी विचारलं, “यांच्या लागवडीचं काय करायचं? इतरांसारखी त्यांचीही राहू द्यायला हरकत नाही.”

“ऱ्हाऊ दे की गं,” मागून बायजा म्हणाली. “झाडांनी काय केलंय?”

“ती देवीची आहेत,” सगुणा म्हणाली. “त्यांच्या हाती एक फांदीही नको. मुळासकट काढा.”

मंडळही चिडलेलंच होतं. तसा हुकूम निघाला.

बाहेर व्हरांड्यात सरनोबत एकटेच बाकावर बसले होते. सगुणा समोरून गेली, तशी त्यांनी शांतपणे हाक मारली.

“सगुणा, काळ्या मरेची बुरशी माझ्या प्रयोगशाळेतल्या शीतकपाटात आहे. अभ्यासासाठी आणली होती. चार वर्षं मी तिला भीत आलो. रोज जाताना कुलूप दोनदा ओढून बघायचो, हात तीनदा धुवायचो. एक कण बाहेर गेला तर माझी बाग जाईल म्हणून.” ते उठले. “आता बाग नाही. चांगलं झालं, एक काळजी मिटली.”

ते हसले नाहीत, धमकावल्यासारखंही बोलले नाहीत. चष्मा पुसून जिना उतरून गेले.

सगुणा कठडा धरून उभी राहिली. चाळीस वाड्यांच्या दारात एकच झाड आहे, हे तिनं आज भर सभेत सिद्ध केलं होतं. आणि ते झाड जगावं असं वाटण्याचं जे एकमेव कारण त्या माणसाकडे होतं, तेही तिनंच मुळासकट काढायला लावलं होतं.

खाली अंगणात बायका फुगडीला उभ्या राहिल्या होत्या. बायजा धापा टाकत वर आली. “चल की गं. सगळ्या तुला बोलवत्यात. काय म्हनत हुता त्यो?”

सगुणेनं जिन्याकडे पाहिलं. ज्याचं आता काहीच उरलं नाही, तो आज संध्याकाळी कुलूप ओढून बघेल का?