कवटीवरचे ओरखडे

गिऱ्हाईक आलं तेव्हा आत्याबाई कोमट पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. पाय त्यांनी बाहेर काढले नाहीत.

"हाडं खोदता वाटतं?"

"कसं ओळखलंत?"

"बोटांना सरसाचा वास येतोय आणि नखांत माती आहे."

"ओल्या हाडावर दुसरं काही धरत नाही," ती बाई डोळे पुसत म्हणाली. "बाहेर काढलं की भुगा होऊ नये म्हणून आम्ही लगेच सरस लावतो."

तिची अडचण अशी. खड्ड्यात तिला एक प्रागैतिहासिक कवटी मिळाली होती. मागच्या बाजूला बटणाएवढं भोक, त्याची कड गोल झालेली, हाड परत भरत आलेलं. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जिवंत माणसाची कवटी कोरली आणि तो माणूस बरा होऊन जगला. पण आता भोकाभोवती ताजे ओरखडे सापडले होते. भोक हिनंच पाडलं, असा आरोप. दुपारी समिती बसणार आणि पदवी काढून घेणार. आरोप करणारे विभागप्रमुख म्हणजे तिचेच सासरे.

(इथे आत्याबाईंचा भाचा काहीतरी म्हणाला. तो त्यांचा हेरगिरीतला मदतनीस आहे. त्याची वाक्यं गाळली आहेत. वाचकाचं नुकसान नाही.)

संशयित पहिला: नवरा

हा हाडांचे फोटो काढतो. खड्ड्यात कवटीचा काढला होता, फक्त समोरून.

"मागून का नाही?"

"चेहरा समोर असतो ना."

"बायकोनं भोक पाडलं असेल?"

"बाबा म्हणतात तसं."

"तुमचं मत विचारलं."

त्यानं लेन्स पुसायला घेतली.

"बाबा खड्ड्याकडे येतात कधी?"

"छे! आमच्या लग्नाआधीपासून फिरकले नाहीत. तिकडचं सामान, पद्धत, सगळं हीच ठरवते."

संशयित दुसरा: कोठीवाला

कवटी विभागाच्या कोठीतल्या कपाटात. एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी सरांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे.

"कवटी इथे आल्यावर तिला कुणी काही लावलं?"

"अजून नाही बाई. लाख लावतात, पण हाड पूर्ण सुकल्यावर. बाटली सरांच्या कुलपात. ब्रशही दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. म्हणतात, तुमच्या हातानं बुडबुडे येतात."

(भाच्यानं याला गुन्हेगार ठरवून टाकलं. मिशीवरून.)

संशयित तिसरा: सासरे

"शस्त्रक्रिया म्हणे!" ते हसले. "अहो, रानटी लोक ते. एकमेकांची डोकी फोडायचे. माझा अख्खा ग्रंथ आहे त्यावर."

"आणि ओरखडे?"

"चकाकीच्या खाली आहेत. म्हणजे लेप लागण्याआधीचे. लेप खड्ड्यातच लागतो आणि तिथे होती सूनबाई. जमतंय का समजायला?"

"थोडं थोडं," आत्याबाई म्हणाल्या.

उलगडा

समितीसमोर आत्याबाईंनी पर्समधून कापूस आणि स्पिरिट काढलं. कवटीच्या कपाळावर बोळा फिरवला. चकाकी तशीच राहिली.

"हा सरस. कोमट पाण्यानं सुटतो, स्पिरिटला दाद देत नाही."

मग त्यांनी ओरखड्यांवर नवा बोळा फिरवला. चकाकी निघाली, बोळा पिवळा झाला.

"आणि ही लाख, स्पिरिटमध्ये विरघळते. खड्ड्यातल्या ओल्या हाडावर ती धरतच नाही. म्हणजे ओरखडे इथेच पडले आणि ते खड्ड्यातलेच वाटावेत म्हणून त्यांवर लाख फासली. बाटली आणि ब्रश कुणाच्या ताब्यात असतात, ते कोठीवाला सांगेल. सर, सून तिकडे काय वापरते ते खड्ड्याशी एकदा जाऊन बघायचं होतंत. रानटी माणसं रोग्याला बरं करत होती, हे मान्य केलं तर तुमचा ग्रंथ रद्दीत. होय ना?"

"भोकही तिनंच घासलं असेल!"

"कानशीनं हाड गुळगुळीत होतं, सर. वाढत नाही."

अध्यक्षांनी घसा खाकरला. पदवीचा विषय मिटला, म्हणाले. बाकी घरची बाब घरातच राहू द्या. शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं, दुसरं सूनबाईंचं टाकू. सगळ्यांचा मान राहील.

सासऱ्यांनी मान हलवली. नवऱ्यानं वडिलांकडे बघून हलवली.

सून कवटी पेटीत ठेवत होती. "निबंधावर नाव माझं एकटीचं," ती म्हणाली. "पण बाबांचंही घालीन मी, आतल्या पानावर. ओरखड्यांच्या फोटोखाली, ते कुणी पाडले हे लिहावं लागेलच ना."