अस्ताराचा पोगा

शेंडा खुडला की कडेचे डोळे फुटतात. आमच्या गुरागे मुलखात हे चुलीपुढच्या पोरीलाही ठाऊक असतं, आणि मी राजधानीत, आदिसच्या प्रयोगशाळेत त्याच गोष्टीवर पोट भरते.

एन्सेत लांबून केळीसारखं दिसतं, पण त्याला केळीसारखे बुडाशी आपोआप मुनवे, म्हणजे पिलं, येत नाहीत. आम्ही त्याचं फळ खात नाही. बुंधा आणि गड्डा किसून, आंबवून त्याच्या भाकरी करतो. नवी रोपं हवी असली तर झाड आडवं करायचं, गड्ड्याच्या मधला पोगा, म्हणजे वाढता कोंब, कोरून काढायचा, खळगा शेणमातीनं भरायचा आणि गड्डा पुरायचा. पोगा जिवंत असेपर्यंत त्याच्यातून ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि कडेच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. तो गेला की मुळांकडून चढणाऱ्या सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाला रान मोकळं मिळतं, निजलेली जनुकं कामाला लागतात आणि गड्ड्याभोवती मुनव्यांचं कडं उभं राहतं.

आईच्या घरी कोरलेला पोगा तिथल्या तिथे चिरून गाईला घालत. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी मर रोगानं परसातली सगळी झाडं नेली. अस्ताराचं तेवढं एक उरलं. अस्तारा म्हणजे मोडलेल्या हाडावर द्यायचं वाण; गड्डा दुधात शिजवून देतात. आईनं ते लग्नात माहेरून आणलेलं. आसपासच्या गावांत विचारून झालं, कुणाकडेच नव्हतं.

"हरेग, माझ्या डोळ्यांदेखत हे वाण बुडता कामा नये," आई म्हणाली.

"नाही बुडणार," मी म्हणाले, आणि मनाशी पक्कं केलं.

मी दोन वाटांनी जायचं ठरवलं. गड्डा परसात पुरायचा आणि पोगा काचेच्या बरणीत वाढवायला न्यायचा. आईलाही ते पटलं. शेजारच्या अस्कालेकाकू मात्र कुंपणापलीकडून ओरडल्या, "अगं, काळीज काढून जिवंत कुठे नेतेस? गाईच्या तोंडचं पळवतेस होय?"

"गाईला दुसरं काही घाला, काकू."

"शिकलीस, पण लाडावलीसही!" त्या म्हणाल्या. आम्ही सगळ्याच हसलो.

पोगा बरणीत छान तगला. एन्सेतचा कापलेला भाग काळा चीक सोडतो, म्हणून मी चायनाग्रासच्या जेलीत कोळशाची पूड घालते. त्या काळ्याभोर जेलीवर तो हिरवागार, सरळ उभा राहिला. एकच. सायटोकायनिन वाढवत नेलं, तरी त्याला शेजारी एकही डोळा फुटेना, खाली मूळही येईना. नुसता उंच होत गेला.

मग माझा सहकारी मेलकामू कुरकुरायला लागला. "हरेगताई, तुमच्या पाहुण्याला हलवा. त्याच्या फळीवरचे माझे बटाटे रुसलेत."

मी हसले, पण पाहिलं. बटाट्याच्या कोवळ्या रोपांचे डोळे गव्हाच्या दाण्यासारखे टपोरे होऊन तसेच थांबले होते. दिवा बदलला, तापमान तपासलं, काही सापडलं नाही. बरणी खालच्या फळीवर ठेवली. बटाटे फुटले. खालच्या फळीवरचे अननस थांबले.

"योगायोग," मी म्हणाले.

"असेल," मेलकामू म्हणाला, आणि आपल्या बरण्या उचलून दुसऱ्या खोलीत घेऊन गेला.

तिकडे गावात गड्डा गप्प होता. फुटायची वेळ उलटून गेली, मोठा पाऊस तोंडावर आला. तेव्हा मी गावी जाऊन माती उकरली. गड्डा टणक होता, कुजलेला नव्हता. खळग्यात पोग्याचा अंशही राहिला नव्हता. मी स्वतः कोरला होता. कडेनं पांढरे डोळे टरारून आले होते आणि तसेच मिटलेले होते. त्यांना सायटोकायनिनचा लेप लावला, वाट पाहिली. एकही हलला नाही.

अस्कालेकाकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "कसे उठतील? तिकडे सासू धडधाकट, मग सुना तोंड उघडतील होय?"

"काकू, तो पोगा इथून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर आहे. झाडाचा रस रस्त्यानं चालत येत नाही."

"मी कुठे म्हटलं रस येतो?"

आईनं उकरलेली माती गड्ड्यावर परत लोटली. मग हलकेच म्हणाली, "पाऊस लागला की गड्डा सडेल, हरेग."

परतताना बसमध्ये मला रागच आला, स्वतःचाही आणि त्या हिरव्या टोकाचाही. बरणीतला पोगा म्हणजे अस्ताराचा एकमेव खात्रीचा जीव. पण मुळाशिवाय तो मातीत जगणार नव्हता, आणि एकाचे दोन होणार नव्हता. वाण टिकायचं तर मुनवेच हवे होते. अस्कालेकाकूंचं म्हणणं खोटं ठरवायचं तरी वाट एकच होती. प्रयोग करायचा.

दुपारी मी बरणी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली. आमचा तो मोठा प्रेशर कुकरच. त्यातून काही जिवंत बाहेर येत नाही. मेलकामू म्हणाला, "ताई, नक्की ना? मग परत मिळायचा नाही."

"नक्की," मी म्हणाले आणि झाकण आवळलं. 

वाफ चढली. उतरली. मी झाकण उघडलं.

बरणी रिकामी होती. तोंड घट्ट बंद, आणि आत पोगा नाही, जेली नाही. फुटली असेल, गळली असेल म्हणून कुकरचा तळ पुसून पाहिला. फडकं पांढरंच राहिलं.

फोन वाजला. आई होती.

"हरेग, माती फुटली! सगळीकडून एकदम. आत्ता, माझ्यासमोर!"

मी रडले. मेलकामूच्या गळ्यात पडून रडले. रिकाम्या बरणीचा विचार मी त्या दिवशी करायचाच नाही असं ठरवलं.

आठवड्याअखेर गावी गेले. गड्ड्याभोवती मुनव्यांचं कडं उभं होतं, दाट, फिकट हिरवं. वाण वाचलं होतं. अस्कालेकाकू कॉफी घेऊन आल्या. "काय, गेली ना सासू?"

आई हसली नाही.

"कालपासून थांबलेत," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. कीड नव्हती, पिवळेपणा नव्हता. पानं अर्धी उलगडून तशीच राहिली होती.

"आणि हे बघ."

मधल्या खळग्यातल्या शेणमातीतून एक पोगा वर आला होता. सरळ, एकटा. तिथे कधीच काही फुटत नाही. फुटायला तिथे काही ठेवलेलंच नसतं.

काकूंनी कॉफी खाली ठेवली.

"सुरी दे, आई," मी म्हणाले. "आणि गाय सोडून आण."

या वेळी मी त्याला कुठेही नेणार नव्हते.

आईनं सुरी दिली. बुडापासून कापायचा म्हणून मी भोवतालची माती बोटांनी बाजूला सारली. माती थंडगार होती. जरा खाली बोट कसल्याशा बुळबुळीत थरात रुतलं. पोग्याच्या बुडाशी एक काळीभोर चकती थरथरत होती, माझ्या बरणीच्या तळाएवढी गोल.

ती अजून गरम होती.