रिकाम्या मोटारीतला आवाज

"भुताले फाशी देता येत नाही, दादा. म्हनून तुमच्याकडं आली," रुख्मिणी म्हणाली आणि दाराशीच बसली.

१९४१ सालचा वैशाख होता. वाशीमच्या पेठेतल्या त्या माडीवर सकाळी नऊलाच बसवत नव्हतं. मारोतराव धांडे वीस वर्षं वकिलाकडे कारकून होते. कलमं तोंडपाठ झाली, वकिलाचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी स्वतःचा धंदा काढला. हरवलेली माणसं, चोरीला गेलेली जनावरं, खोटे अंगठे, जे म्हणाल ते शोधून द्यायचं. सोबतीला दौलतसिंग, निवृत्त जमादार. अंगानं पहाड, पण भुताचं नाव निघालं की हा गडी पाणी प्यायला उठायचा. आत्ताही उठला.

रुख्मिणी किन्हीराजाची. आठ दिवसांपूर्वी तिचा नवरा जगदेव भर दुपारी शेतातून जेवायला घरी येत होता. गावाबाहेरच्या उतारावर उकंडराव देशमुखांची मोटार त्याच्या अंगावरून गेली.

"मोटार कोण चालवत होतं?" मारोतरावांनी विचारलं.

"कोनीच नाही. सोजरबाईनं आपल्या डोयानं पाह्यलं. मोटारीत मानूस नोयता, अन् आतून आवाज येऊन राह्यला होता. 'हो... हो बाप्पा... हो...' बैल थांबवतेत, तसा."

त्या उतारावर चाळीस वर्षांपूर्वी एक गाडीवान स्वतःच्याच बंडीखाली सापडून मेला होता. तोच परत आला, असं गाव म्हणत होतं. देशमुखांचं म्हणणं वेगळं. मोटार उताराच्या माथ्यावरच्या बंगल्यासमोर उभी होती, शफीक ड्रायव्हर ब्रेक लावायला विसरला, ती आपोआप घरंगळत गेली. शफीकनंही चूक कबूल केली होती. तो जवळच्याच मालेगावच्या कोठडीत होता.

"लोक म्हनतेत, उतारावर कोंबडं सोड अन् गप राह्य. मले कोंबडं नाही सोडाचं. मानसानं मारलं असन त त्या मानसाचं नाव सांगा. त्याले शिक्षा झालेली मले पाह्यची हाये."

ती रडली नाही. मारोतरावांनी टोपी उचलली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला दोघं त्या उतारावर उभे होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की लांबची झाडं हलताना दिसत होती. झाडावर एक होला घुमत होता, तोही मध्येच गप्प झाला. खाली रस्त्याच्या कडेला कोणीतरी कोंबडं कापून गेलं होतं. पिसं धुळीत फिरत होती.

"मारोतराव, संध्याकाळी आलो असतो तर चाललं नसतं?" दौलतसिंग म्हणाला.

"मोटार दुपारी आली होती."

बांधावरच्या निंबाखाली सोजरबाई बकऱ्या राखत बसली होती. म्हातारी साठीची, पण नजर तीक्ष्ण.

"मी अथीच बसली होती," ती सांगू लागली. "मोटार त्या वळनावरून गुरगुरत आली. मी काही मान वर केली नाही, रोजच येते ते. मंग तो आवाज आला. मोटार बाजूनं गेली, पाह्यतो त आत कोनी नाही. सीट रिकामी. अन् आवाज त येऊनच राह्यला."

"जगदेव काय करत होता?"

म्हातारीनं काठीनं रस्त्याची कड दाखवली.

"कडेले उभा होता. मोटारीकडं तोंड करून, हात जोडून. त्याले थे दिसलं असन. अन् वहाना काढून ठेवल्या होत्या त्यानं, जोडीनं. देवळाबाहेर ठेवते ना, तशा. मानूस पार तिकडं जाऊन पडला, अन् वहाना जाग्यावरच."

दौलतसिंग निंबाच्या खोडाला टेकला. मारोतरावांनी शांतपणे विचारलं, "मग?"

"मोटार वावरात शिरली अन् बंद पडली. मी बोंबलत गावात पयाली. लोकं घेऊन आली तवा आत कोनी नोयतं."

"शफीक माणूस कसा?"

"गरीब. रिकामी मोटार घेऊन चालला असला त आमाले भाऱ्यासकट बसवून नेते. दुरूनच हाका मारते, आमीबी मारतो. त्याच्या हातून असं कसं झालं कोनास ठाऊक."

एवढ्यात रस्त्यावर वावटळ उठली. पिसं गरगरत वर गेली, आणि धुळीच्या आडून, वळणापलीकडून आवाज आला. "हो... हो बाप्पा... हो..."

दौलतसिंगानं मारोतरावांचा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. वळणावरून एक कडब्याची बंडी बाहेर आली. गाडीवान दोन्ही पाय रोवून, मागे रेलून कासरे ओढत होता. त्यानं रामराम केला आणि निघून गेला. बैलांच्या घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मारोतराव त्या बंडीकडे पाहत उभे होते. "चला," ते म्हणाले, "आधी मालेगाव."

कोठडीतला शफीक पंचविशीचा, हडकुळा. "मीच भुललो, साहेब. कसूर माहा."

"त्या दुपारी होतास कुठे?"

"सायकल घेऊन बाजारात. मालकानं सोड्याच्या सहा बाटल्या आनाले सांगतलं होतं."

"मोटार उभी करताना चाकाखाली दगड लावत नाहीस?"

"दोन लावतो. दररोज." बोलून गेल्यावर तो गजाकडे पाहत राहिला. "राहू द्या न, साहेब. तीन लेकरं हायेत माही. मालक त्यायले सांभायतो म्हनते."

"कधी बैल हाकलेस?"

शफीकला प्रश्नच कळेना. "आमी तांब्याची भांडी ठोकनारे लोक. बैलाजवळ गेलं त भेव लागते मले."

देशमुखांच्या बंगल्यावर पोचले तेव्हा तीन वाजले होते. फरशी तव्यासारखी तापलेली, तरी एक शेतकरी वहाणा हातात घेऊन, अनवाणी, टाचा उचलत अंगण ओलांडत होता. मोटार मांडवात उभी होती. वर ताडपत्री, बाजू उघड्या. पुढचा दिवा फुटलेला. मारोतरावांनी आत डोकावून पाहिलं. स्टिअरिंगचं चाक दोन्ही बाजूंनी सीटकडे वाकलं होतं.

"छाती आपटली असेल कोणाची," दौलतसिंग म्हणाला.

"छाती आपटली तर चाक कुठल्या बाजूला वाकेल, दौलतसिंग?"

दौलतसिंगानं मनातल्या मनात स्वतःला चाकावर आपटून पाहिलं, पण त्याचा हिशेब जमला नाही.

उकंडराव पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे. त्यांनी पाणी मागवलं, गूळ मागवला. "वाईट झालं. जगदेव माह्या डोयासमोर वाढला. मी त दहापासून झोपलेलो होतो, डोकं दुखून राह्यलं होतं."

"आपण स्वतः मोटार चालवता?"

"दोन वर्षं झाले. शफीकनंच शिकवली."

भिंतीवर एक मोठं रंगीत चित्र होतं. शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं. दोन पांढरे बैल उधळलेले, मागे हलका छकडा, ताणलेले कासरे आणि पुढे रेटलेले दोन तळपाय.

"चित्रकार हाकणारा काढायला विसरला वाटतं," मारोतराव म्हणाले.

उकंडराव खरोखर खुशीत हसले. "तो मीच होय. त्या तळपायांच्या मांगं. पुरा आडवा झाल्याबिगर तसे बैल आवरत नाहीत. वीस वर्षं कोनाले पट जिंकू देल्ला नाही मी."

कोपऱ्यात पाहुणे बसले होते. गोविंदसिंग, अकोल्याचे लाकडाचे ठेकेदार. डोळे सुजलेले. "मीपण झोपलो होतो," ते म्हणाले. "सोडा आला तेव्हा उठलो."

"सोडा कशात घातलात?"

"लिंबात," गोविंदसिंग म्हणाले आणि हातातला पेला खाली ठेवला. तोही खुर्चीच्या मागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारोतरावांनी फौजदारांना बंगल्यावर बोलावलं. सोजरबाई आणि रुख्मिणीलाही आणलं. उकंडराव हरकत घेणार होते, पण फौजदार आधीच खुर्चीवर बसले होते.

"सोजरबाई, त्या ओट्यावर उभ्या राहा. तुम्ही बांधावर होतात तेवढ्याच अंतरावर. मोटारीकडे पाहा."

मारोतराव मोटारीत बसले. क्षणभर त्यांची टोपी दिसली, मग नाहीशी झाली.

"कोण दिसतं?" फौजदारांनी विचारलं.

"कोनीच नाही," म्हातारी म्हणाली.

रिकाम्या मोटारीतून आवाज आला. "हो... हो बाप्पा... हो..."

सोजरबाई कान झाकून खालीच बसली. आत कोण आहे हे दौलतसिंगाला चांगलं माहीत होतं, तरी तो चार पावलं मागे गेला.

मारोतराव कपडे झटकत उतरले. "पाय फळीला रोवले, चाक दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा भार टाकून मागे आडवा झालो. बाजूनं बघणाऱ्याला मी दिसत नाही. चाकही असंच वाकलं, सीटकडे. ते कोणी आपटून वाकवलेलं नाही, ओढून वाकवलंय. मोटार घरंगळत आली असती तर सोजरबाईंना गुरगुर ऐकू आली नसती. इंजिन चालू होतं. म्हणजे आत माणूस होता."

"पण मोटार थांबवायला कोणी चाक ओढतं का?" दौलतसिंग म्हणाला.

"शुद्धीवरचा माणूस ब्रेक दाबतो. दोन वर्षं चालवणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. पण दारू चढली की नवं शिकलेलं आधी जातं आणि जुनी सवय उरते. ह्याचे हात बैलांचे होते. उतारावर मोटार आवरेना तेव्हा त्यानं कासरे ओढले आणि बैलांना हाक घातली. शफीकनं जन्मात बैल हाकले नाहीत."

"बैल त सारा गाव हाकते," उकंडराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला नव्हता.

"खरं आहे. म्हणून जगदेवला विचारलं." मारोतराव रुख्मिणीकडे वळले. "त्यानं वहाणा काढून जोडीनं ठेवल्या आणि हात जोडले. वळणावरून मोटार समोर आली तेव्हा काचेतून त्याला आतला माणूस दिसला होता. आत शफीक दिसला तर गाव हाका मारतं. अकोल्याच्या ठेकेदाराला इथं कोण ओळखतं? किन्हीराजात वहाणा एकाच माणसासाठी उतरतात. मान द्यायला थांबला म्हणून तो मेला, देशमुख. चालत राहिला असता तर वाचलाही असता."

मग गोविंदसिंग एकदम बोलू लागले. "सकाळपासून बसलो होतो. बाटली संपली. देशमुख म्हणाले, मी दुसरी घेऊन येतो. मी चावी धरून ठेवली होती, ती त्यांनी हिसकून घेतली. परत आले ते वावरातून, पायी. मला म्हणाले, आपण झोपलो होतो असंच सांगायचं." त्यांनी तोंड झाकून घेतलं. "मी मोटारीसमोर उभं राहायला पाहिजे होतं."

उकंडराव पायरीवर बसले. "मी ओढून राह्यलो होतो," ते हळू म्हणाले. "सारी ताकद लावून ओढून राह्यलो होतो. थांबलीच नाही ते."

"गाव सांगतं, तीस वर्षं तुम्ही बाजारातून झिंगून बंडीत घरी आलात," मारोतराव म्हणाले. "बैल शुद्धीवर होते म्हणून आलात. त्या दिवशी शुद्धीवर कोणीच नव्हतं."

फौजदारांनी कागद काढले. शफीकला संध्याकाळपर्यंत सोडतो म्हणाले. रुख्मिणी इतका वेळ खांबाला धरून उभी होती. ती पुढे आली.

"किती भेटन याले, दादा?"

मारोतरावांना हा प्रश्न नको होता. "निष्काळजीपणानं माणूस मेला, तर जास्तीत जास्त दोन वर्षं. नुसता दंड भरूनही सुटू शकतो."

"अन् यानं माहा बैल चोरून नेला असता त?"

कलम त्यांना पाठ होतं. "तीन वर्षांपर्यंत."

रुख्मिणीनं एकदा उकंडरावांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे.

"मंग तसंच लिवा," ती फौजदारांना म्हणाली. "माह्या मानसाले चोरून नेलं म्हना."

तिनं अंगठा शाईला लावला आणि कागद पुढे येण्याची वाट पाहत उभी राहिली.