मालक फोन उचलत नाहीत

गुरुवारी दुपारी चार वाजता एक गाडी सर्व्हिस सेंटरला आली, पेट्रोलची गळकी नळी बदलून घेतली आणि परत गेली. आणणारा माणूस अकरा महिन्यांपूर्वी वारलेला होता.

कंपनीच्या नोंदीप्रमाणे असं काही झालेलं नाही. त्यामुळे आपणही ते झालेलं नाही असंच धरून चालू.

तरीही सांगतो, कारण घटना खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा मावसभाऊ. रचून सांगण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे असती, तर तो त्या नोकरीत टिकलाच नसता.

भुतं रात्री येतात असं म्हणतात. पण सर्व्हिस सेंटर सहाला बंद होतं.

ऑफिसात सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. कारण तो दिवसभर बोलायचा आणि त्याच्याशी कोणी बोलायचं नाही.

काम सोपं होतं. कंपनीच्या एका मॉडेलमध्ये टाकीकडून इंजिनाकडे जाणारी नळी वळणावर तडकत होती. पेट्रोल थेंबथेंब गळायचं, आणि तेही गरम इंजिनावर. कंपनीने याला ‘क्वचित प्रसंगी अतिरिक्त उष्णता’ असं नाव दिलं होतं. दोन गाड्या त्या अतिरिक्त उष्णतेत जळून कोळसा झाल्या, तेव्हा कंपनीने सगळ्याच गाड्या नळी बदलायला परत बोलावल्या.

रेडिओने एकेका मालकाला फोन लावायचा आणि निवेदन वाचून दाखवायचं. अक्षरन् अक्षर. मालक मध्ये बोलला तर ‘आपलं म्हणणं समजलं’ म्हणायचं आणि पुढची ओळ वाचायची. एक ओळ गाळली तर विभागाच्या मॅडम बोलवून घ्यायच्या.

लोक ऐकायचे आणि म्हणायचे, “आणू हो सावकाश. एवढ्या-तेवढ्या चकरेने काय होतंय?”

महिनाभरात यादी संपत आली. एकच गाडी उरली.

ती रेडिओच्या बाबांची होती.

बाबा गेले ते हृदयविकाराने, दवाखान्यात. गाडीचा त्यात काही संबंध नव्हता. गाडी इमारतीखाली कव्हर घालून उभी होती आणि अजून बाबांच्याच नावावर होती. नाव बदलायला मृत्यूचा दाखला लागतो. दाखला कपाटात होता. आणि कपाट उघडलं की समोर बाबांचे शर्ट.

म्हणून कपाट बंद होतं.

यादीतला नंबरही घरचाच. जुना, वायरचा फोन. चपलांच्या कपाटावर ठेवलेला. तो बंद करायला बाबांची सही हवी होती, म्हणून तो चालू होता. घरात रेडिओ एकटाच राहायचा.

फोननंतर शेरा निवडायला कॉम्प्युटरवर चारच पर्याय होते: गाडी विकली, नंबर बंद, तारीख घेतली, मालक फोन उचलत नाहीत.

‘मालक वारले’ हा पर्यायच नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून रेडिओने दोनदा ‘फोन उचलत नाहीत’ निवडलं.

दोन्ही वेळा त्याने फोन शेवटपर्यंत वाजू दिला होता. रिकाम्या घरात आपल्यामुळे काहीतरी वाजतंय, एवढंच त्याला बरं वाटायचं.

शनिवारी तो हीच गाडी घेऊन दुसऱ्या गावी ताईकडे जाणार होता. ती सारखी म्हणायची, “एकटा किती दिवस बसशील? बाबांची गाडी काढ आणि ये.” त्याने कव्हर पुढून जरासं उचलून बॅटरी चार्ज करून ठेवली होती. नळीचं त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण नळी बदलायची तर कामाच्या कागदावर मालकाची सही हवी.

आणि एवढ्या एका चकरेने काय होतंय?

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटरने तोच नंबर तिसऱ्यांदा लावला.

एक रिंग…

दोन…

तीन…

चौथी अर्ध्यात तुटली.

कोणीतरी फोन उचलला होता.

पलीकडे शांतता. मग… टप… टप… टप…

रेडिओने तो आवाज ओळखला. त्याच्याच स्वयंपाकघरातला नळ. महिनाभर गळत होता.

“बोला,” पलीकडून आवाज आला.

बाबा कधीच हॅलो म्हणायचे नाहीत.

 रेडिओचं तोंड सवयीने चालू झालं.

“नमस्कार. मी आपल्या वाहन कंपनीच्या ग्राहक सेवा विभागातून बोलतोय. हे संभाषण नोंदवलं जात आहे.”

“जेवलास का?”

“आपलं म्हणणं समजलं. आपल्या वाहनाच्या इंधन प्रणालीत एक दोष आढळून आला असून…”

“आवाज बसलाय तुझा.”

“…क्वचित प्रसंगी अतिरिक्त उष्णता निर्माण होऊ शकते.”

त्याला थांबायचं होतं. थांबता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून निवेदन. अक्षरन् अक्षर.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“केवढं लांबण लावलंस. नळी गळतेय एवढंच ना?”

“आपल्याला कोणती वेळ सोयीची आहे?”

“आज चारला आणतो. मला काय, घरीच असतो मी. आणि नळाला वायसर बसव रे. रात्रंदिवस टपटप ऐकावं लागतं.”

निवेदनातली शेवटची ओळ उरली होती.

“मी आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?”

पलीकडे बराच वेळ नुसता नळ…

“नाही रे. तुझं चालू दे.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. रेडिओने ‘तारीख घेतली’ निवडलं आणि मग त्याला कळलं, की चार मिनिटं वीस सेकंद मिळाली होती आणि त्यात त्याने एकदाही ‘बाबा’ म्हटलं नव्हतं.

चारला पाच कमी असताना तो खाली वर्कशॉपमध्ये गेला.

गाडी आलेली होती.

मागच्या सीटवर कव्हर ठेवलेलं. चार घड्या, कडा जुळवून. बाबा वर्तमानपत्रसुद्धा तसंच घडी करायचे.

मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते.

“मिस्त्री, कोणी आणली?”

“तूच ना? मी हात धुऊन आलो तर ही उभी.”

“मी नाही आणली.”

“मग सीट एवढी पुढे ओढून बसतं कोण? गुडघे कानाला लागतील तुझे.”

बाबा बुटके होते.

रेडिओने बॉनेटच्या कडेला हात लावला. गरम…

फरशीवर पेट्रोलचे थेंब होते. गाडीपासून गेटपर्यंत एका रेषेत. तो त्यांच्या मागे मागे गेटपर्यंत गेला.

गेटच्या बाहेर एकही थेंब नव्हता. रस्ता कोरडा…

परत आला तेव्हा मिस्त्रींनी जुनी नळी काढली होती. त्यांनी ती वाकवून दाखवली. वळणावर तोंड उघडल्यासारखी चीर.

“शनिवारी हीच घेऊन निघणार होतास ना?”

“हो.”

“टोलनाक्यापर्यंतही पोचला नसतास. ताईने जेवायला थांबू नये म्हणून आधी कळवून ठेवावं लागलं असतं.”

मिस्त्री विनोद असेच करायचे. स्वतः हसायचे नाहीत. त्या दिवशी तर अजिबातच हसले नाहीत.

नवी नळी बसली. रेडिओ कामाच्या कागदाची प्रिंट काढायला वर गेला. कागद घेऊन खाली आला, बोर्डावर लावला आणि पेन शोधायला वळला.

पेन मिळालं. परत वळला…

सही झालेली होती.

खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ही सही त्याने प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती. एकदा स्वतःच ठोकून दिली होती आणि टिंबं तीन पडली म्हणून मार खाल्ला होता.

इथे दोनच होती.

गाडी नव्हती. सुरू झाल्याचा आवाज त्याने ऐकला नाही, मिस्त्रींनीही नाही.

संध्याकाळी घरी गेला तर गाडी इमारतीखाली, कव्हरखाली. कव्हरवर अकरा महिन्यांची धूळ जशीच्या तशी. बॉनेट गार. त्याने ते उघडलं. जुनाट इंजिनात एकच गोष्ट चकचकीत होती… नवी नळी.

वर किल्ली खिळ्याला. फोन जागेवर. नळ गळत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला बोलवून फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात रेडिओचा एकट्याचा आवाज होता. मध्ये मध्ये जागा सोडलेली. त्या जागांत… टप… टप…

“रिकाम्या घरी फोन लावून पूर्ण निवेदन वाचलंस?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“एकही ओळ गाळली नाहीस. छान.”

गेटवरच्या वहीत गाडी आल्याची नोंद नव्हती. म्हणजे गाडी आली नव्हती, असं मॅडमनी ठरवलं आणि कामाचा कागद फाडला. मग मिस्त्रींना रेडिओच्या घरी पाठवून गाडी तपासून घेतली. मिस्त्रींनी स्वतःच बसवलेली नळी पाहिली आणि लिहून दिलं, ‘दोष नाही.’ ते तरी दुसरं काय लिहिणार?

यादी संपली. बाबांचा नंबर कॉम्प्युटरवरून निघून गेला.

शनिवारी रेडिओ त्याच गाडीने ताईकडे जाऊन आला. सीट मागे केली नाही. गुडघे अजून दुखतात.

आता तो रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवरून घरी फोन लावतो. पूर्ण वाजू देतो. मालक फोन उचलत नाहीत.

वायसर त्याने आणून ठेवलाय, बसवलेला नाही. उद्या कोणी उचललाच आणि बोललं नाही, तर घर ओळखू यायला आवाज हवा, असं म्हणतो. आणि टपटप वाढली तर ओरडायला तरी कोणी येईल.

मागच्या आठवड्यात त्याने कंपनीला अर्ज केला. माझ्याकडून तपासून घेतला. मी एक काना दुरुस्त केला आणि कागद परत दिला.

‘प्रति, मुख्य अधिकारी, वाहन सुरक्षा विभाग. महोदय, सदर वाहनात दोष नसल्याचा आपला अहवाल मिळाला. तरी सदर वाहनाची फेरतपासणी करून त्यात एखादा नवीन दोष, शक्यतो लवकर, शोधून काढावा आणि वाहन पुन्हा परत बोलवावे. मालकांशी संपर्क साधण्याचे काम खाली सही करणाऱ्याकडेच द्यावे. तसेच या वेळी निवेदन वाचून दाखवण्यातून त्यास सूट मिळावी, ही नम्र विनंती.’