कानामागचा अंगठा

मिरजेच्या चेतापेशी प्रयोगशाळेत डॉ. यास्मिन मुजावर यांनी विमल ऐनापुरे यांना एकच गोष्ट तीनदा समजावली होती.

"मावशी, गिरीशच्या मेंदूत सोडलेल्या मूलपेशी अगदी कोऱ्या आहेत. पहिले सहा आठवडे त्यांचा घडणकाळ. हालचालीसोबत जे पुन्हा पुन्हा घडेल, ते सगळं त्या धरून ठेवतात. म्हणून व्यायाम यंत्रच घेईल. तुम्ही हात लावायचा नाही."

"आन् चुकलं तर? परत सोडायच्या की."

"नाही. एकदा जागा भरली की भरली."

विमलबाईंना घाई होती. सेरेब्रल पाल्सीनं आखडलेला एकतीस वर्षांचा मुलगा, आणि स्वतःच्या यकृतात कर्करोग. 'माझ्यामागं ह्याचं कोण?' हा प्रश्न अशा घरात रोज पंगतीला असतो. गिरीश स्वतःच्या हातानं जेवला, की त्या मरायला मोकळ्या होत्या.

सातव्या आठवड्यात गिरीशनं चमचा उचलला आणि स्वच्छ शब्दांत म्हणाला, "आई, मीठ कमी आहे." मुजावरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गिरीशच्या पाठीशी उभ्या असलेल्या विमलबाई त्याच्या मानेवरचा हात काढून मीठ आणायला वळल्या, तोच चमचा खाली पडला. मूठ आवळली, जीभ जड झाली.

"मावशी, तुम्ही काय करत होता?"

"काय न्हाई ओ. यंत्रावर लई कळवळायचा. मग कानामागं अंगठा दाबायची. ल्हानपणापास्नं दाबते, मूठ सैल व्हती त्येची. हात न्हाई लावला, निस्ता अंगठा."

डॉक्टरांनी गिरीशच्या कानामागं स्वतःचा अंगठा दाबून पाहिला. मग तेवढ्याच दाबाचा, तेवढाच उबदार रबरी अंगठा. काही हललं नाही. पेशींनी आईच्याच अंगठ्याच्या भेगा, मागून येणारा श्वास, सगळंच धरलं होतं. रागवायचं तरी कुणावर? पोराचं रडणं ऐकून हात आवरणारी आई कुठल्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही.

"माजं चार म्हैनं ऱ्हायल्यात," विमलबाई म्हणाल्या. "तवर बोलंल. मग?"

डॉक्टरांनी रबरी अंगठा खोक्यात ठेवून दिला.

विमलबाईंनी पुन्हा अंगठा टेकवला. गिरीशला सगळं कळलं होतं. कळण्यात तो कधीच उणा नव्हता.

"आई," तो शांतपणे म्हणाला, "तुझ्यामागं मला असं राहायचं नाही. जाताना मलापण तुझ्या..."

विमलबाईंनी अंगठा उचलला.