तेथुनी नेईन मी

एवढा दिवा राहू दे. ही गोष्ट सांगताना समोरच्याचा चेहरा दिसलेला मला बरा वाटतो.

त्या दिवशी मी घराबाहेर पडले ती अगदी साध्या कामाला. चष्म्याची काडी तुटली होती, ती बसवून घ्यायची आणि तिथूनच पुढे स्टुडिओत जायचं. आमच्या जुन्या रेकॉर्डिस्टच्या मुलीचा फोन आला होता. वडील गेल्यापासून स्टुडिओ तीच चालवते. "मावशी, तुमच्या काळातल्या द्वंद्वगीतांबद्दल थोडं बोलाल का? नुसतं बोलायचं हं, गायचं नाही."

गायचं नाही, हे तिने मुद्दाम सांगितलं. घशाच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायला ठीक, पण जरा वर न्यायला गेलं की फाटायचा, जुनं कापड फाटतं तसा. घरात कुणी नसताना मी एक-दोनदा करून पाहिलं आणि मग पेटीवर खोळ घातली ती घातलीच. घरात त्यावर कुणी बोलत नसे. सूनबाई तर रेडिओवर माझं गाणं लागलं की हळूच स्टेशन बदलायची. बिचारी.

स्टुडिओ होता तसाच होता, भिंतींचं कापड तेवढं नवं. तोच अरुंद जिना, जाड दुहेरी दारं, आणि आतला मोठा हॉल. त्या हॉलला खिडकी नाही. बाहेर भरदुपार असो की आणखी काही, आत एकच वेळ. दार लागलं की स्वतःच्या अंगातलं रक्त वाहताना ऐकू येतं. काचेपलीकडे यंत्रांची खोली, तिथे ती पोरगी बसली होती. पूर्वी तिथे तिचे वडील बसायचे.

मी बोलायला लागले आणि बोलतच सुटले. आमच्या वेळी दोघांत एकच माइक असायचा. मागे सगळा वाद्यवृंद, आणि गाणं एका दमात म्हणायचं. शेवटच्या ओळीला कुणाचं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या डावीकडे कायम दादा उभे. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला ताई. गाण्यात एकमेकांवर जीव ओवाळून टाकायचा आणि गाणं संपलं की "ताई, तेवढा पंखा लावा हो" म्हणायचं, असा आमचा प्रेमाचा संसार. त्यांना एकच खोड होती. शेवटचा सूर ते माझ्याहून थोडा जास्त लांबवायचे. प्रत्येक गाण्यात! वादकांनी त्यांचं नावच लांबणदादा ठेवलं होतं. मी चिडायचे, ते तोंडातली लवंग या गालातून त्या गालात करत हसायचे.

त्यांच्या शेवटच्या गाण्याबद्दल मी काही बोलले नाही. ते मी कधीच बोलत नसे.

बोलणं झाल्यावर पोरगी म्हणाली, "आत या मावशी, ऐकून घ्या एकदा." तिचा चेहरा उतरलेला होता. तिने रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज ऐकू आला, आणि त्या आवाजाखाली आणखी काहीतरी.

"पंखा चालू आहे का गं?"

"सगळं बंद आहे."

मी कान दिला. पंखा नव्हता. पुरुषाचा आवाज होता. लांबवलेला 'आ'... एकच सूर, कुठेही न हलणारा. मी बोलायला सुरुवात करायच्या आधीपासून होता आणि संपल्यावरही होता.

त्या सुराशेजारी मी निम्मं आयुष्य उभी राहिले होते.

"तुम्ही ओळखलात," पोरगी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "मी खोटं बोलून बोलावलं तुम्हाला... हॉलच्या भिंतींचं जुनं कापड काढून नवं लावलं ना, तेव्हापासून हे सुरू आहे. कुणीही काहीही रेकॉर्ड केलं की मागे हा येतो. मागे एक गायिका गाता गाता खाली कोसळली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, मला श्वासच घेता येईना. आता कुणी पाऊल ठेवत नाही. जागा विकायचं ठरवलंय मी. बाबांनी उभ्या जन्मात एवढंच तर उभं केलं होतं..."

मग मी तिला सांगितलं. हा सूर दादांच्या शेवटच्या गाण्यातला होता. ते गाणं त्यांचं आणि माझंच. पहिल्या अंतऱ्याच्या शेवटी त्यांची ओळ होती,

*थांबलो जर मी कुठे, तर तू पुढे नेशील का?*

तो 'का' त्यांनी धरून ठेवायचा. त्या सुरावरच मी माझी ओळ उचलायची, आणि मी गात असताना त्यांनी श्वास घ्यायचा. चाल तशीच बांधलेली होती. त्या दिवशी याच हॉलमध्ये त्यांनी 'का' धरला, मी तोंड उघडलं, आणि ते माझ्या खांद्यावर कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. ते गाणं पुन्हा कुणी हातात घेतलं नाही.

"मी आत जाऊन येते," मी म्हटलं.

"नको मावशी... एकट्या नको."

"अगं, दादाच आहेत," मी म्हटलं आणि हॉलचं जाड दार ढकललं.

मी हॉलच्या मधोमध, माइकपाशी उभी राहिले. माझ्या नेहमीच्या जागी, डावी बाजू रिकामी ठेवून. काचेमागे पोरगी दिसत होती. तिने यंत्र चालू केलं, दारावरचा लाल दिवा लागला. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग लवंगेचा वास आला.

त्यामागून तापलेल्या यंत्रांवरच्या धुळीचा वास, जुन्या दिवसांचा. आणि माझ्या डाव्या कानापाशी, त्यांचं तोंड यायचं अगदी त्याच उंचीवर, तो सूर सुरू झाला. सुरू झाला असंही म्हणता येत नाही. होताच, मला आत्ता ऐकू आला.

भुताची भीती म्हणतात ती ही नव्हे, वेगळीच होती. मी गाणारी बाई. माणूस सूर लांबवतो तेव्हा त्यात कुठेतरी कंप येतो, सूर किंचित खाली बसतो, आता श्वास संपत आला हे ऐकणाऱ्याला कळतं. या सुरात श्वासच नव्हता. तो संपतच नव्हता. आणि तो ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की मीही श्वास घेतलेला नाही. घ्यायला गेले तर छाती हलेना. जणू त्या सुराला टेकू म्हणून हॉलमधली सगळी हवा लागत होती.

"दादा... पुरे आता," मी कसंबसं म्हटलं.

सूर तसाच.

मी काचेकडे पाहिलं. पोरगी यंत्रावर ओणवी पडली होती. एका हाताने गळा धरलेला, तोंड उघडं, ओठ काळेनिळे पडत चाललेले. ती माझ्याकडे बघत होती. दार माझ्यापासून लांब होतं आणि तिच्यापर्यंत पोचायला माझ्यात तेवढी हवा नव्हती.

आणि त्या क्षणी मला लख्ख कळलं. ते धरून ठेवणारच! मी ओळ उचलल्याशिवाय त्यांनी सूर सोडायचा नाही, असंच तर ठरलं होतं. त्यांनी विचारलं होतं, नेशील का. त्यांना उत्तर मिळालंच नव्हतं. ते अजून माझीच वाट बघत होते.

छातीच्या तळाशी चिमूटभर हवा उरली होती. माझा गळा म्हणजे फाटकं कापड. म्हटलं, फाटायचं तर फाटू दे.

*तू जिथे सोडून देशी...*

फाटला. पहिल्याच शब्दाला असा काही घोगरा, ओरखड्यासारखा आवाज निघाला की एरवी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण मी सोडलं नाही. तोच घोगरा आवाज रेटत वर नेला.

*...तेथुनी नेईन मी!*

'नेईन'वर काहीतरी मोकळं झालं. गळ्यातली गाठ सुटली म्हण, की आणखी काही म्हण. सूर सरळ उभा राहिला, माझा सूर, ऑपरेशनच्या आधीचा! आणि माझ्या डाव्या कानाशी तो 'का' थांबला.

त्यानंतर जे ऐकलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुणीतरी श्वास घेतला. खोल, लांब, छातीतून शीळ निघावी असा, बुडणारा माणूस वर आल्यावर घेतो तसा. माझ्या कानामागचे केस त्याने हलले. काचेपलीकडे पोरगी खोकत खोकत उठून बसली. माझ्या छातीत गार हवा शिरली, आणि भीती कुठल्या कुठे गेली!

दुसरा अंतरा आम्ही मिळून घेतला. मिळून, हो. मला एकही शब्द आठवावा लागला नाही. त्यांनी वर न्यायचं, मी खालून जाऊन भेटायचं, मी वळण घ्यायचं, त्यांनी वाट द्यायची. मागे कुणी वाजवत होतं का, विचारू नकोस. माझा ताल कुठेही चुकला नाही एवढं खरं. रस्त्यावरून जाणारी सगळी दुनिया आत बोलवावी आणि सांगावं, ऐका, गाणं याला म्हणतात, असं झालं होतं मला.

शेवटची ओळ आली. शेवटचा सूर दोघांचा. आणि बघ हं, त्यांनी तो लांबवायला घेतला! मेल्यावरही! मला इतकं हसू आलं. मनात म्हटलं, आज नाही दादा. मीही धरला. ते धरून, मी धरून. आता त्यांच्या सुरात कंप होता, श्वास होता, माणूस होता. डोळ्यांपुढे ठिणग्या उडायला लागल्या तरी मी सोडला नाही. आधी त्यांनी सोडला.

जन्मात पहिल्यांदा मी जिंकले.

हॉल गप्प झाला. आणि मग चहूबाजूंनी टकटक आली, हलकी, लाकडावर लाकूड. व्हायोलिनवाले गाणं आवडलं की गजाच्या काठीने समोरच्या स्टँडवर अशी टकटक करायचे. हॉलमध्ये ना स्टँड होता, ना माणूस.

पोरगी धावत आली आणि गळ्यात पडली. दोघी हसत होतो की रडत होतो कुणास ठाऊक. त्या दिवसापासून तिच्या रेकॉर्डिंगमध्ये तो सूर आलेला नाही. जागा विकायची गोष्ट तिने सोडून दिली. आता तिथे तारीख मिळायला थांबावं लागतं. आणि मी? परवा भरल्या सभागृहात गायले. सूनबाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होती, सासूबाई आहेत माझ्या.

त्या दिवशीचं गाणं यंत्रावर आहे. पोरीने आणि मी ते एकदाच ऐकलं. दोघांचे आवाज स्वच्छ आहेत, वाद्यंही आहेत. शेवटी ती टकटक. त्यानंतर थोडी शांतता, कागद उलटल्याची सळसळ, आणि कुणीतरी म्हणतं, "छान झालं. पुढचं गाणं घेऊ या." मग दादांचा आवाज, अगदी जवळून, "ताई, तयार?"

आम्हाला त्या वेळी हॉलमध्ये यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं.

त्यावर एक बाई हसते आणि उत्तर देते, "एकच मिनिट हं, दादा. आलेच."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. "मावशी... हे तुम्ही कधी म्हणालात?"

आवाज माझाच आहे. पण मी तसं म्हटलेलं नाही.